कर्नलमधली अडगळ काढताना: पहिला पॅच पाठवणाऱ्यांसाठी

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, काहीतरी योगदान द्यायचं म्हटलं की नव्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो: "जुना कोड काढ, सोपं असतं." ओळी पुसणं सोपं असतंच. अवघड असतं ते, त्या ओळींची कुणाला गरज नाही हे दाखवून देणं. माझे पहिले दोन पॅच (पॅच म्हणजे मेलने पाठवलेला कोडमधला बदल) याच कारणाने परत आले आणि तिसरा स्वीकारला गेला तोही नंतर मागे घ्यावा लागला. त्यातून जे कळलं ते इथे पायरीपायरीने मांडतोय.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. उदाहरणासाठी एक काल्पनिक पर्याय घेतलाय, कॉन्फिग_जुनाकार्ड. पर्याय म्हणजे कर्नल बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून तो तयार करताना, एखादा भाग हवा की नको ते ठरवणारं नाव.

आधी हाताशी काय हवं

- कर्नलच्या गिट रेपॉझिटरीची पूर्ण प्रत. डिस्क वाचवायला इतिहास तोडून घेतलेली उथळ प्रत इथे कामाची नाही, कारण अर्धं काम इतिहासातच आहे.
- लिनक्स-नेक्स्ट ही शाखा, जिथे पुढच्या आवृत्तीचे बदल आधी एकत्र होतात. तुम्ही काढताय ते दुसऱ्या कुणी आधीच काढलं असेल तर इथे कळतं.
- जीसीसी किंवा क्लँग, फ्लेक्स, बायसन, पर्ल आणि पायथन. शिवाय निदान एका परक्या आर्किटेक्चरचा (प्रोसेसरच्या प्रकाराचा) क्रॉस कंपायलर, उदाहरणार्थ एआरएम६४ चा.
- गिट सेंड-ईमेल नीट चालेल असं साध्या मजकुराचं मेल खातं. एचटीएमएल मेल तिकडे चालत नाही.
- भरपूर वेळ बिल्ड करत बसू शकेल असा संगणक.

पायरी १: पर्याय काढताय की कोड?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सुरुवातीला सगळे त्यांची गल्लत करतात.

पर्याय काढून कोड ठेवण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॉन्फिग_एक्सपेरिमेंटल. "हे अजून प्रायोगिक आहे" असं सांगण्यासाठी तो होता. पण अनेक नित्याच्या गोष्टी त्याच्यावर अवलंबून राहिल्या, सगळी वितरणं (लिनक्सची वापरायला तयार रूपं) तो चालूच ठेवू लागली आणि त्या शब्दाला काही अर्थच उरला नाही. कर्नल विकासक केस कुक यांनी कर्नलभर पसरलेले त्याचे उल्लेख टप्प्याटप्प्याने काढले आणि २०१३ मध्ये तो पर्याय संपला. कोड जिथल्या तिथे राहिला, फक्त त्याच्या दारावरची पाटी गेली.

कोडच काढण्याचं उदाहरण म्हणजे इंटेलच्या मूळ ३८६ प्रोसेसरचा आधार. डिसेंबर २०१२ मध्ये तो काढला गेला आणि ३.८ पासून कर्नल त्यावर चालेनासा झाला. त्या चिपमध्ये कंपेअर-एक्स्चेंजसारख्या सूचनाच नव्हत्या, त्यामुळे त्या एका चिपसाठी बाकी कोडमध्ये पळवाटा ठेवाव्या लागत होत्या. जुन्या कोडचं ओझं त्याच्या ओळींच्या संख्येत नसतं. तो जिवंत ठेवायला इतरांनी काय काय सांभाळावं लागतं, त्यात असतं. पॅचच्या संदेशात हेच कारण लिहायचं असतं. "जुना आहे" हे कारण होत नाही.

पायरी २: मेलेलं कसं ओळखायचं

मेलेले पर्याय साधारण चार तऱ्हेचे असतात:

१. केकॉन्फिगमध्ये (पर्याय आणि त्यांच्या अटी लिहिलेल्या फाइलींमध्ये) व्याख्या आहे, पण कुठल्याही सी फाइलमध्ये, मेकफाइलमध्ये किंवा दुसऱ्या केकॉन्फिगमध्ये वापर नाही.
२. वापर आहे, पण व्याख्याच कुठे नाही. व्याख्या कुणीतरी पूर्वी काढली आणि उल्लेख राहून गेले.
३. व्याख्या आहे, वापर आहे, पण "डिपेंड्स ऑन"ची (अमुक चालू असेल तरच) अट कधीच पुरी होऊ शकत नाही.
४. मेन्यूत दिसणारा मजकूर नाही, म्हणजे माणूस तो निवडू शकत नाही. आणि कुणी "सिलेक्ट"ही (दुसऱ्या पर्यायातून आपोआप चालू) करत नाही, "डीफॉल्ट"ही नाही.

दुसऱ्या प्रकारासाठी कर्नलसोबतच एक साधन येतं: स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं चेककेकॉन्फिगसिम्बॉल्स. ते व्याख्या नसलेल्या नावांची यादी काढून देतं. पण यादी आली की लगेच कात्री चालवू नका. तिच्यात टिप्पण्यांमधले उल्लेख असतात, टायपो असतात. टायपो सापडला तर तो काढायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो: एखादं वैशिष्ट्य चुकीच्या स्पेलिंगमुळे कित्येक वर्षं बंद पडलेलं असू शकतं.

याशिवाय मेंटेनर्स नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक विभाग कोण सांभाळतं (तो मेंटेनर) आणि त्याची स्थिती काय ते लिहिलेलं असतं. तिथे "ऑर्फन" किंवा "ऑब्सोलीट" दिसलं तर तो काढणीचा उमेदवार. केकॉन्फिगमध्ये "डिपेंड्स ऑन ब्रोकन" दिसलं तर तोही. मात्र ऑर्फन म्हणजे सांभाळणारा नाही एवढंच. वापरणारे असू शकतात.

पायरी ३: इतिहास वाचा

गिट ब्लेमवर थांबू नका, ते फक्त शेवटचा हात कुणाचा लागला ते सांगतं, आणि तो हात बरेचदा मोकळ्या जागा नीट करणाऱ्याचा असतो. गिट लॉगला डॅश कॅपिटल एस देऊन पर्यायाचं नाव द्या; ते नाव कधी आलं, कुठून कधी गेलं ते क्रमाने दिसतं.

शोधायचं काय? पर्याय कुणी आणि कशासाठी आणला, शेवटचा खरा बदल कधी झाला. "खरा" म्हणजे त्या हार्डवेअरवर चालवून पाहून केलेला. कर्नलभर एखादं फंक्शन बदललं म्हणून इथेही बदललं, असे बदल मोजू नका. दहा वर्षांत तेवढेच बदल असतील तर तो चांगला पुरावा आहे.

गिटमधला इतिहास एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२-आरसी२ पासून सुरू होतो. त्या पहिल्या कमिटपाशी पोचलात तर त्यामागचं गिटला माहीत नाही.

पायरी ४: सगळे धागे शोधा

ही पायरी नीट वाचा. माझे पॅच इथेच घसरले.

गिट ग्रेपने कॉन्फिग_जुनाकार्ड शोधलंत तर सी फाइली आणि मेकफाइली सापडतील. पण केकॉन्फिग फाइलींमध्ये नावाला "कॉन्फिग_" हा उपसर्ग नसतो, तिथे नुसतं जुनाकार्ड असतं. म्हणून दोन्ही रूपांत शोधायचं. डॅश डब्ल्यू लावून पूर्ण शब्दच शोधा, नाहीतर जुनाकार्ड_डीबग, जुनाकार्ड_पीसीआय अशी सगळी भावंडं गोळा होतात. पण मग डॅश डब्ल्यू न लावताही एकदा शोधा, कारण पर्याय मॉड्यूल (गरजेप्रमाणे चढवता येणारा सुटा भाग) म्हणून निवडला की सी कोडला कॉन्फिग_जुनाकार्ड_मॉड्यूल हे नाव दिसतं आणि जुन्या कोडमध्ये ते थेट तपासलेलं असू शकतं.

आता मुख्य सापळा. केकॉन्फिगला अनोळखी नावाचं काहीच वाटत नाही. व्याख्या नसलेलं नाव अटीत आलं तर ते मुकाट्याने "नाही" धरलं जातं. परिणाम बघा:

- दुसऱ्या ड्रायव्हरला "डिपेंड्स ऑन जुनाकार्ड" असेल, तर तो ड्रायव्हर मेन्यूतून गायब.
- "डिपेंड्स ऑन नॉट जुनाकार्ड" असेल, तर ती अट कायमची खरी.
- "सिलेक्ट जुनाकार्ड" असेल, तर ती ओळ नुसती शोभेला.
- सी मध्ये इफडेफ (नाव असेल तरच) असेल तर तो भाग कधीच कंपाइल होणार नाही, इफएनडेफ (नाव नसेल तरच) असेल तर नेहमी होईल, आणि इझ_एनेबल्ड या मॅक्रोचं उत्तर शून्य.

यातल्या एकाही ठिकाणी बिल्ड मोडत नाही. साधी चेतावणीसुद्धा येत नाही.

माझ्या तिसऱ्या पॅचची गोष्ट हीच. एक छोटा मदतनीस पर्याय होता, चार ओळींचा. त्याच फोल्डरमध्ये शोधलं, वापर नव्हता, काढला. सगळी मॉड्यूल्स चालू करून बिल्ड केला, विनातक्रार पास झाला. पॅच आत गेला. पुढच्या काही आठवड्यांत एकाचा मेल आला की नवा कर्नल टाकल्यापासून एक सेन्सर दिसतच नाही. दुसऱ्याच फोल्डरमधला तो ड्रायव्हर माझ्या पर्यायावर "डिपेंड्स ऑन" लावून बसला होता. बिल्ड पास झाला कारण त्या ड्रायव्हरचं बिल्ड करायला काही उरलंच नव्हतं. मी शोध एका फोल्डरपुरता घेतला होता, एवढीच चूक.

सी आणि केकॉन्फिगच्या पलीकडे नव्या माणसाच्या नजरेतून सुटणाऱ्या जागा या:

- आर्किटेक्चरनिहाय डेफकॉन्फिग (पर्यायांच्या तयार निवडीच्या) फाइली. यांत शिल्लक राहिलेली ओळ निरुपद्रवी असते. अनेक मेंटेनरांना त्या वेगळ्या पॅचमध्ये हव्या असतात, म्हणून मुख्य पॅचमध्ये कोंबू नका.
- टूल्स फोल्डरमधल्या सेल्फटेस्टच्या कॉन्फिग फाइली, आणि केयुनिटच्या. दोन्ही कर्नलच्या चाचण्या.
- हेडर फाइलींमधली रिकामी पर्यायी फंक्शनं. पर्याय बंद असताना कोड कंपाइल व्हावा म्हणून ठेवलेली असतात. पर्याय गेला की तीही जायला हवीत.
- डॉक्युमेंटेशन फोल्डर, त्यातले अनुवादसुद्धा.
- डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या) फाइली आणि त्यांचे बाइंडिंग.
- मेंटेनर्स फाइलमधले फाइलींचे नमुने.

पायरी ५: बाहेरच्या जगाला काय दिसतं

कर्नलच्या आतलं वाटेल ते बदलता येतं. कर्नलबाहेर ठेवलेल्या मॉड्यूलांची पर्वाही कुणी करत नाही: आतमध्ये वापरकर्ता नसलेलं एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन काढायला हरकत नसते. पण यूजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे नेहमीचे प्रोग्राम, मोडायचा नाही, हा नियम लिनस टोरवाल्ड्स कसोशीने पाळायला लावतात. चालू असलेला प्रोग्राम नव्या कर्नलवर बंद पडला तर दोष कर्नलचा, प्रोग्राम कितीही वाईट लिहिलेला असो.

म्हणून काढायच्या कोडमधून सिसफ्स, प्रॉकफ्स, आयऑक्टल किंवा बूट पॅरामीटर (बाहेरून कर्नलशी बोलायचे हे मार्ग) यांपैकी काही बाहेर येतं का ते पाहा. डॉक्युमेंटेशनमधल्या एबीआय फोल्डरात (बाहेरच्या प्रोग्रामांना दिसणाऱ्या इंटरफेसच्या नोंदींच्या) स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट आणि रिमूव्ह्ड असे चार कप्पे आहेत. इंटरफेसची नोंद तिथे असेल तर ती योग्य कप्प्यात हलवावी लागते. यूएपीआय (यूजरस्पेससाठी दिलेल्या) हेडरमधले क्रमांक पुसून दुसऱ्या कामाला लावू नका, एखादा जुना बायनरी प्रोग्राम तोच क्रमांक पाठवत असतो. बूट पॅरामीटर काढताना काही काळ नुसतं नाव ओळखून "आता याचा उपयोग नाही" अशी नोंद लॉगमध्ये टाकणारा छोटा कोड ठेवणं हा सभ्य मार्ग.

मोठी गोष्ट एका फटक्यात काढत नाहीत. रायझरएफएस ही फाइल सिस्टिम कर्नल ५.१८ मध्ये, म्हणजे २०२२ साली, कालबाह्य जाहीर झाली आणि प्रत्यक्षात ६.१३ मध्ये गेली. स्लॅब या मेमरी अ‍ॅलोकेटरच्या बाबतीत मला आवडलेली युक्ती म्हणजे त्याच्या पर्यायाचं नावच ६.५ मध्ये बदलून कॉन्फिग_स्लॅब_डेप्रिकेटेड केलं. जुनी कॉन्फिग फाइल आपोआप पुढे सरकेना; ज्याला खरंच स्लॅब हवा होता त्याला तो मुद्दाम निवडावा लागला. ६.८ मध्ये तो काढून टाकला.

आणि वेळ बघा. इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरचा आधार ६.७ मध्ये काढला, त्याच्या लगेच आधीचा ६.६ दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल होता. रायझरएफएसच्या आधीचा ६.१२ तसाच. उरल्यासुरल्या वापरकर्त्यांना काही वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. तुमची काढणी मोठी असेल तर मेंटेनर हा हिशेब करतीलच, तुम्ही आधी केलात तर बरं.

पायरी ६: प्रत्यक्ष काढणी

क्रम महत्त्वाचा. आधी वापरणारे काढा, मग व्याख्या, मग हेडर. मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे, नाहीतर पुढे गिट बायसेक्टने दोष शोधणारा माणूस तुमच्या मधल्या पॅचवर अडकेल.

इफडेफचं जंगल असेल तर हाताने कापू नका. युनिफडेफ हे साधन नाव दिलं की त्या अटीचा मेलेला भाग काढतं आणि जिवंत भाग ठेवतं. एल्स आणि एंडइफच्या जोड्या हाताने जुळवताना तिसऱ्या फाइलीपाशी डोळे फिरतात, हे स्वानुभवाने सांगतो. त्यानंतर फाइल एकदा वाचा: अट गेल्यामुळे न वापरलेलं चल, एका ओळीचं फंक्शन, निरर्थक झालेली टिप्पणी असं काहीबाही उरलेलं असतं.

मोह आवरा. जाताजाता मोकळ्या जागा, नावं, टिप्पण्या सुधारू नका. काढणीच्या पॅचमध्ये फक्त उणे चिन्हाच्या ओळी दिसल्या की तपासणारा निर्धास्तपणे वाचतो.

पायरी ७: बिल्ड, आणि बिल्डच्या पलीकडे

ऑलयेसकॉन्फिग (सगळे पर्याय चालू), ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सगळे मॉड्यूल म्हणून), ऑलनोकॉन्फिग (शक्य ते सगळे बंद) आणि काही रँडकॉन्फिग (कसेही निवडलेले) चालवा. डब्ल्यू=१ लावून न वापरलेल्या गोष्टींच्या चेतावण्या बघा. क्रॉस कंपायलरने दुसऱ्या आर्किटेक्चरवरही.

यातलं काहीही मला वाचवू शकलं नसतं. वाचवलं असतं ते या दोन मिनिटांच्या तपासणीने: बदल करण्याआधी ऑलमॉडकॉन्फिग करून डॉट कॉन्फिग फाइलीची (निवडलेल्या पर्यायांच्या यादीची) प्रत ठेवा, बदलानंतर पुन्हा ऑलमॉडकॉन्फिग करा, आणि दोन्ही फाइली स्क्रिप्ट्समधल्या डिफकॉन्फिगला द्या, ते दोन्हींतला फरक दाखवतं. उत्तरात फक्त तुम्ही काढलेलं नाव दिसायला हवं. दुसरं एकही नाव गायब दिसलं तर थांबा. हेच दोनतीन आर्किटेक्चरवर करा, कारण अवलंबून असलेला ड्रायव्हर तुमच्या मशीनच्या आर्किटेक्चरवर मुळात नसेलच असंही होतं.

"वर्तनात काही बदल नाही" असा दावा असेल तर ब्लोट-ओ-मीटर चालवून आधीच्या आणि नंतरच्या बायनरीतल्या फंक्शनांच्या आकारात फरक नाही हे बघून घ्या.

पायरी ८: पॅच लिहा आणि पाठवा

संदेशात तीन गोष्टी हव्यात: हे कधी आणि का आलं, मेलं कशामुळे (त्या कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या, ओळख-क्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि शीर्षक द्या), आणि ठेवल्याने काय त्रास होतो. ओळी ७५ अक्षरांच्या आत मोडा, खाली साइन्ड-ऑफ-बायची (तुमच्या सहीची) ओळ. चेकपॅच ही पॅच तपासणारी स्क्रिप्ट चालवा.

गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट कुणाला पाठवायचं ते सांगते. इथे एक गमतीशीर खड्डा आहे: तुमच्या पॅचने मेंटेनर्स फाइलमधली नोंदही काढली असेल आणि तो पॅच लावलेल्या झाडावरच (कोडच्या प्रतीवरच) तुम्ही स्क्रिप्ट चालवली, तर ज्याचा कोड काढताय नेमका त्याचाच पत्ता यादीत येत नाही. स्क्रिप्ट न बदललेल्या झाडावर चालवा.

हजारो ओळींच्या फाइली पूर्ण पुसायच्या असतील तर गिट फॉरमॅट-पॅचला डॅश कॅपिटल डी देता येतं. पुसलेला मजकूर मेलमध्ये येत नाही. पण असा पॅच वाचण्यापुरताच, तो लावता येत नाही. सोबत गिट शाखेचा पत्ता द्यावा लागतो.

मर्ज विंडोच्या, म्हणजे नव्या आवृत्तीत बदल घेण्याच्या, दोन आठवड्यांत पाठवू नका. आरसी१ (त्यानंतरची पहिली चाचणी आवृत्ती) नंतर पाठवा, म्हणजे लिनक्स-नेक्स्टमध्ये मुरायला वेळ मिळतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवडे थांबून नम्रपणे आठवण करा.

पायरी ९: "थांबा, मी हे वापरतो"

असा मेल आला तर वाद घालू नका. त्याच्याकडे कुठला कर्नल चालतो आणि नवा कर्नल तो तपासून पाहील का, एवढं विचारा. कधीकधी उत्तर येतं की तो जुन्याच कर्नलवर आहे आणि तिथेच राहणार. मग काढणी पुढे जाऊ शकते. तो तपासायला तयार असेल तर तुमचा पॅच मागे घ्या आणि मेंटेनर्स फाइलमध्ये त्याचं नाव घालायला त्याची तयारी आहे का ते बघा.

आत गेलेली काढणीही परत फिरते. फ्रेमबफर कन्सोलचं (कर्नलच्या मजकुराच्या पडद्याचं) हार्डवेअरच्या मदतीने सरकणं ५.११ मध्ये बंद केलं होतं. जुन्या मशीनवर कन्सोल रखडू लागला आणि २०२२ मध्ये ते परत आणलं गेलं, या वेळी स्वतःच्या वेगळ्या कॉन्फिग पर्यायासह. माझा चार ओळींचा पर्यायही तसाच परत आला. तो रिव्हर्टचा पॅच मीच पाठवला, आणि त्याच्या संदेशात सेन्सरवाल्याचं नाव रिपोर्टेड-बायच्या ओळीत घातलं.